घराचं काम चालू आहे, मिस्त्री डोळ्याला चष्मा लावत नाही. काय करावं?

अरुणावती
नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यात आमच्या जुन्या मातीच्या घराच्या जागी नवं घर बांधणं चालू आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते, सध्या सुट्टी घेऊन गावी आले आहे. फरशी कापणारा पोरगा कटर चालू केला की डोळे किलकिले करतो आणि मान बाजूला वळवतो. म्हणजे कापताना तो फरशीकडे बघतच नाही! वायरिंगच्या खाचा मारणारा तर थेट डोक्याच्या वर छन्नी मारतो, सगळा चुरा तोंडावर.

यवतमाळहून पांढऱ्या काचेचे गॉगल आणून दिले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी घातले, फोटो काढले, स्टेटसला ठेवले. दुसऱ्या दिवसापासून ते गॉगल खिळ्याला ओळंब्याशेजारी लटकलेले आहेत. मिस्त्री म्हणतात, "ताई, जिंदगी गेली या कामात, कायी होत नाय." बाबा म्हणतात, जास्त मागे लागू नको, काम सोडून गेले तर पावसाच्या आधी दुसरा मिस्त्री मिळणार नाही.

विचारायचं असं की यांना चष्मा घालायला लावायचं कसं? आणि देव न करो, काही झालंच तर आधी काय करायचं? गावातून तालुक्याचा दवाखाना गाठायलाच तास जातो.

ठेचा_भाकर
रोजीत पन्नास रुपये चष्मा भत्ता लावा ताई. चष्मा घालूनच झोपतीन.

कपाशी
ठेचाभाऊ, हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे घरकुलाच्या कामावर सेंट्रिंग खोलताना फळीचा खिळा उसळून एकाच्या भुवईत घुसला. बोटभर खाली लागला असता तर काय?

अरुणावती, माझा अनुभव असा की सांगून कोणी ऐकत नाही. कटर आणि चष्मा एकाच पेटीत ठेवा. चष्मा डोळ्यावर चढल्याशिवाय कटरची वायर बोर्डात लावायची नाही. बटण तुमच्या हातात ठेवा.

मिस्त्रीचापोरगा
मी मिस्त्रीचाच पोरगा हाय, आता मीच मिस्त्री. गॉगल काऊन नाय घालत थे आयका.

मे महिन्यात आपल्याकडं पारा पंचेचाईसच्या घरात. कपायावरचा घाम गॉगलात उतरते, काचेवर वाफ धरते, अन् फरशीवर मारलेली पेन्सिलची रेघ दिसत नाय. रेघ चुकली तं फरशी गेली. फरशीचे पैसे ठेकेदार हप्त्यातून कापते. डोया जाईन का नाय हे पुढचं, फरशी तं आत्ताच जाते ना. त्यात फरशीचं काम फुटावर हाय, रोजीवर नाय. दर घडीले थांबून काच पुसनारा मानूस संध्याकाईले कमी फूट काहाडते. मानूस काई येडा नाय बाप्पा, हिशोब करते.

आता माह्या बापाचं सांगतो. थे जुन्या स्लॅबले टाचे मारून (छन्नीनं खाचा पाडून) राह्यले व्हते. छन्नी जुनी. ठोकून ठोकून तिचं डोकं फुललेलं, कडा बाहेर वयलेल्या. त्या कडेची चिलपी उडाली. बापाले मुंगी चावल्यावानी झालं म्हने. डोया चोयला, पानी मारलं, दिवसभर काम केलं. दिसत व्हतं, म्हनून कोनी दवाखान्याचं नाव नाय काहाडलं. मंग हयूहयू त्या डोयानं धुसर दिसाले लागलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, फोटो काहाडला, तं आतमंदी लोखंड. ऑपरेशन झालं, लोखंड निंघालं, नजर काई वापस आली नाय.

बाप अजूनबी वीटकाम करते. पर ओयंबा लावाले मले हाका मारते. एका डोयानं दोरी भितीच्या पुढं हाय का मांगं, थे समजत नाय त्याईले. शिडीवरून उतरतानी शेवटची पायरी पायानं चाचपते. ज्या मानसाच्या भिती पाहाले लोकं येत, थो आता मले म्हनते, पाय बरं, सरय हाय का.

अरुणावती
मिस्त्रीचापोरगा, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. फुटावरच्या हिशोबाचा मी विचारच केला नव्हता. आमच्याकडेही फरशी फुटावरच दिली आहे.

विटामाती
ठेकेदार पैसे कापतो, ठेकेदार चष्मे देत नाही, सगळं ठेकेदाराच्या नावानं. मीही छोटा ठेकेदार आहे, दिग्रस-दारव्हा पट्ट्यात कामं करतो. हेल्मेट दिले, त्यात पोरांनी गिट्टी वाहिली. हातमोजे दिले, ते घरी गेले फवारणीला. आणि घरमालक? चौरस फुटाच्या भावात पाच रुपयांसाठी दोन तास बसवतात. त्या भावात सुरक्षेच्या सामानाचा एक रुपया कोणी धरतो का? करारात लिहा ना, चष्म्याचे आणि तुटलेल्या फरशीचे पैसे मालक देईल. मग पाहू.

नागपूरकर_बे
विटामाती भाऊ, हातमोजे फवारणीला गेले हे ऐकून बरंच वाटलं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उघडी पडली आठवते ना. तिथंही हेच, उघडं तोंड अन् उघडे डोळे.

नेत्रवैद्य
मी विदर्भातच डोळ्यांची डॉक्टर आहे. जरा लांबण लागेल.

मिस्त्रीचापोरगा यांच्या वडिलांचं झालं ते आम्ही नेहमी पाहतो. लोखंडावर लोखंड आपटलं की उडणारा कण बारीक पण फार वेगात असतो. छिद्र एवढं लहान की रक्त नाही, दुखणं थोडं, नजर पहिले काही दिवस चांगली. आत राहिलेलं लोखंड गंजतं आणि तो गंज पडद्याला मारतो. म्हणून छन्नी-हातोड्याचं काम करताना डोळ्यात 'काहीतरी उडालं' एवढं जरी कोणी म्हणालं, तरी दिसत असो वा नसो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं. एक्स-रे किंवा सीटी करतात. आत लोखंडाची शंका असेल तर एमआरआय करत नाहीत, त्या चुंबकानं कण आतल्या आत सरकतो. असा डोळा दाबायचा नाही, चोळायचा नाही, त्यात रुतलेलं काही उपटायचं नाही. चहाचा कागदी कप उलटा ठेवून वरून चिकटपट्टी लावा आणि निघा. आणि फुललेलं छन्नीचं डोकं ग्राइंडरवर घासून सपाट करून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

चुना आणि सिमेंट याच्या अगदी उलट. तिथं निघायचं नाही, आधी धुवायचं. ॲसिड पडलं तर वरचा थर गोठतो आणि बरेचदा तोच ॲसिडला पुढं जाऊ देत नाही. चुना अल्कली आहे. तो पेशींच्या स्निग्ध आवरणाचा साबण करत आत आत जात राहतो, तुम्ही गाडी शोधत असता तेव्हाही. अरुणावती, तुमच्या तासाभराच्या रस्त्याचं उत्तर हेच आहे. जवळ जे स्वच्छ पाणी असेल, विहिरीचं, नळाचं, पिण्याच्या कॅनचं, त्यानं किमान अर्धा तास डोळा धुवा. माणसाला आडवं करा, पापण्या बोटांनी उघड्या धरा (तो स्वतः उघडू शकणार नाही), नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला धार सोडा. वरची पापणी उलटवून खाली अडकलेले खडे ओल्या कापडानं काढा. मग दवाखाना. पहिल्या दहा मिनिटांत जे होतं ते नंतर मला कितीही महाग औषधानं करता येत नाही.

रानवाट
डॉक्टर मॅडम, एक शंका. मी वणीकडचा. आमच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या. तिथले जुने लोक सांगतात, चुन्यावर पाणी टाकलं की तो उकळतो, म्हणून डोळ्यात चुना गेला तर पाणी अजिबात लावायचं नाही, तूप सोडायचं. आमच्या आजीनंही कैकांच्या डोळ्यात तूप सोडलं आहे. खरं काय?

नेत्रवैद्य
रानवाट, शंका रास्त आहे. भट्टीतून निघालेल्या कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की उष्णता निघते, हे खरं. म्हणून कोरडी पूड किंवा खडा असेल तर आधी कोरड्या कापडानं चेहऱ्यावरची, पापण्यांवरची पूड झटकायची, आणि मग थेंब थेंब नाही तर भरपूर, वाहतं पाणी. वाहत्या पाण्याबरोबर उष्णताही जाते आणि चुनाही. बांधकामावर असतो तो बहुतेक विरलेला चुना किंवा सिमेंट, त्यात उकळण्याचा प्रश्नच नाही. तूप चुन्याला डोळ्यातच धरून ठेवतं. आजीला माझा नमस्कार सांगा, पण तूप भाकरीवरच बरं.

ठेचा_भाकर
तूप भाकरीवर. ही बाई आपली आहे.

झाडीपट्टी
चुन्यावरून आठवलं. आपल्या इलाख्यात बांधकामापेक्षा खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) चुन्यानं जास्त डोळे जातीन. पुडी किंवा ट्यूब कडक झाली की दाबून दाबून फोडतात, अन् पिचकारी सरळ डोळ्यात. आमच्या गावात लहान पोरगं खेळता खेळता पुडी दाबत होतं, तिचं तोंड स्वतःकडंच. डोळ्यात फूल (पांढरा डाग) पडलं त्याच्या. आता शाळेत बोर्ड दिसत नाही म्हणून पहिल्या बाकावर बसवतात.

कपाशी
हो, आणि मिस्त्री लोक खर्रा मळलेल्या हातानंच घाम पुसतात. चष्मा घातला तरी चुना बोटावरून जाणारच.

नेत्रवैद्य
झाडीपट्टी, दुर्दैवानं हे खरं आहे. लहान मुलांच्या डोळ्यात चुना गेलेल्या केसेसमध्ये ही पुडी वारंवार असते. घरात पुडी पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

दुपारचीशाळा
मी आशा सेविका आहे. सर्व बोलणं पुरुषांच्या डोळ्यांवर चाललं म्हणून लिहिते. रेजा बायांचं कोण पाहते? स्लॅबच्या दिवशी डोक्यावर घमेलं, घमेल्यातून सिमेंटचं पाणी गळते, कपाळावरून डोळ्यात. दोन्ही हात वर घमेल्याला. डोळा पुसाले हात कुठून आणायचा? पदरानं पुसतात, पदर आधीच सिमेंटनं भरलेला. आणि खाली ठेपे (स्लॅबचे टेकू) ठोकणारा मजूर असतो ना, तो फळ्यांच्या फटीतून गाळ येतो का पाहायला वर तोंड करतो. तो गाळ नेमका तेव्हाच पडतो.

संध्याकाळी माझ्याकडे येतात, "ताई, डोया चुरचुर करते." मी उपकेंद्रात पाठवते. पण आधी मेडिकलवाल्याकडून ड्रॉप आणलेला असतोच. नाही तर मागच्या वर्षी डोळे आल्याच्या साथीत आणलेली बाटली फळीवर असते, तीच टाकतात. एका बाईच्या डोळ्यात शेजारणीनं अंगावरचं दूध पिळलं. एकीला कचरा जिभेनं काढणारी म्हातारी गाठून दिली.

नेत्रवैद्य
ताई, तुम्ही फार महत्त्वाचं लिहिलंत. ड्रॉपबद्दल सांगते. मेडिकलमधून विचारून आणलेल्या थेंबात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. लाली एका दिवसात उतरते, माणूस खूश. पण डोळ्याला ओरखडा असेल आणि त्यात बुरशी शिरली असेल, तर स्टेरॉइड त्या बुरशीला रान मोकळं करून देतं. विदर्भात हे जास्त का, तर एकच माणूस उन्हाळ्यात बांधकामावर आणि दिवाळीच्या सुमारास सोयाबीन-तुरीत असतो. पऱ्हाटीची काडी, तुराटी, धानाचं पातं डोळ्याला लागलं की बुरशीचा धोका. अशा रुग्णाला फोड वाढल्यावर बुबुळ बदलण्याची वेळ येते. त्यामुळे अर्धवट उरलेली बाटली फेकून द्या.

वेल्डिंगवाल्यांना एक. रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही. ते दिवसाच्या झोताचं असतं, सहा ते बारा तासांनी कळतं, आणि बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपोआप भरून येतं. त्यावर सुन्न करणारा ड्रॉप जवळ बाळगून परत परत टाकू नये. दुखणं कळत नाही आणि बुबुळ मात्र भरून यायचं थांबतं. दोन दिवसांत कमी झालं नाही तर दाखवा.

नागपूरकर_बे
वेल्डरच्या बाजूला काच न घेता "पकडून धर बे" म्हणून उभा केलेला हेल्पर असतो, त्याचे डोळे कोण मोजते? वेल्डरकडे निदान काळी काच तरी असते.

मिस्त्रीचापोरगा
बराबर. मी थेच केलं हाय लहानपनी. रातभर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलो व्हतो.

ठेचा_भाकर
बांधकाम कामगार मंडळाकडून जो सुरक्षा संच भेटते त्यात चष्मा असते म्हने. आमच्या गावात भांड्याचा संच तेवढा सगळ्याईच्या घरी पोचला. ज्यानं जिंदगीत वीट उचलली नाय त्याच्याबी घरी नवा कुकर. चष्मा मात्र रंगपंचमीले पोट्टे घालून फिरतात.

कोर्टाची_पायरी
ठेचाभाऊंनी विषय काढलाच आहे म्हणून. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली. मंडळाकडे नोंदणीला वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. खोट्या नोंदी होतात हे खरं, पण खरे कामगार नोंदणीविना राहतात हे त्याहून खरं.

आता खाचखळगे पाहा. स्वतःच्या राहण्यासाठी दहा लाखांपर्यंतचं घर बांधणारा मालक जुन्या कायद्यात बसत नव्हता, नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाख आहे. घरकुलाचं अनुदान तर याहून कितीतरी कमी. म्हणजे खेड्यातलं बहुतेक बांधकाम बाहेर. नोंदलेल्या कामगाराला मंडळ कायमच्या अपंगत्वाचे दोन लाख देतं, पण अपंगत्व ७५ टक्के हवं. एक डोळा पूर्ण गेला, दुसरा चांगला आहे, तर दिव्यांग प्रमाणपत्रावर येतात ३० टक्के. दिव्यांगांच्या बहुतेक सवलती सुरू होतात ४० टक्क्यांपासून. मिस्त्रीचापोरगाच्या वडिलांसारखा माणूस दोन्हीकडून गळतो.

राहिला कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा, आधी १९२३ चा होता, आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ठेकेदाराकडे कामावर असताना इजा झाली तर तो लागू होतो. त्याच्या अनुसूचीत एक डोळा गमावला आणि दुसरा शाबूत असेल तर कमाईची क्षमता ४० टक्के गेली असं धरतात. डोळ्याचा गोळा शाबूत पण नजर गेली, तर ३० टक्के. तिथं पगार आणि वय यावरून रक्कम निघते. अडचण पुराव्याची. त्या दिवशी कामावर होता हे कोण सांगणार? म्हणून दवाखान्यात केसपेपरवर "बांधकामावर इजा" हे शब्द लिहून घ्या. घरी पडलो असं सांगायला लावतात, ते सांगू नका.

विटामाती
सांगायला लावतात हे मान्य. मी नाही लावत. पण छोट्या ठेकेदारानं विमा काढायचा तर तो भावात धरावा लागतो, परत तेच.

दुपारचीशाळा
विटामाती, भावात धरा. बायकांची रोजी पुरुषांपेक्षा कमी ठेवून जे वाचते त्यातून धरा.

ठेचा_भाकर
😄 विटामाती भाऊ, पाणी प्या.

रानवाट
थोडं अवांतर. मिस्त्री मंडळींचं वय चाळीसच्या वर गेलं की जवळचं दिसत नाही, हेही धरा. आमचा मिस्त्री टेपवरचे आकडे हात लांब करून वाचतो. त्याला साधा चाळीशीचा चष्मा मिळाला तर तो निदान कायम डोळ्यावर काहीतरी ठेवील. आणि उन्हात, धुळीत राबणाऱ्यांच्या डोळ्यात वडस (पांढऱ्या भागावर वाढणारा मांसाचा पडदा) येतो, तो बुबुळावर सरकला की नजर अडते.

नेत्रवैद्य
चाळीशीचा मुद्दा अगदी बरोबर. फक्त साध्या चष्म्याची काच कामावर चालत नाही, फुटून तीच डोळ्यात जाते. पॉलीकार्बोनेटचा, बाजूनं झाकलेला, चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल मिळतो. खरेदी करताना त्यावर आयएस ५९८३ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे का बघा. गॉगल काळा नको. घरात कापताना काळ्यातून काही दिसत नाही आणि पोरं तो काढूनच ठेवतात.

अरुणावती
इतकी माहिती मिळेल वाटलं नव्हतं. काल फरशीवाल्या पोरांशी बसून बोलले. कापताना तुटलेल्या फरशीचे पैसे त्यांच्या हप्त्यातून नाही, आमच्याकडून, असं ठेकेदारासमोर ठरवलं. ठेकेदार आधी कुरकुरला, मग म्हणाला, तुमचेच पैसे आहेत. कापायचं काम सकाळी लवकर आणि सावलीत, दुपारी चिकटवायचं. पाण्याच्या कॅनजवळ एक लोटा फक्त डोळे धुवायला ठेवला आहे, मिस्त्रींनी त्यात पहिल्याच दिवशी चहा केला!

घामाचं मात्र सुटलेलं नाही. काच धुरकटते ही पोरांची तक्रार खरी आहे, मी स्वतः घालून पाहिला.

मिस्त्रीचापोरगा
ताई, आंग धुवायची साबन कोरड्या काचेवर आतून हलकी घासा, मंग मऊ कपड्यानं पुसा. वाफ कमी धरते. कपायावर दुपट्ट्याची पट्टी बांधून मंग गॉगल, म्हनजे घाम काचेत उतरत नाय. कटरले पूर्न तोंडावरची पारदर्शक ढाल भेटते, खालून हवा लागते. पर आतमंदी गॉगलबी पाहिजे, नुसत्या ढालीनं खालून चुरा येते. अन् टाचे मारनाऱ्याले जाईचा गॉगल पाहा, जुने गिट्टीफोडे वापरत. वाफच धरत नाय.

नेत्रवैद्य
जाळीचा गॉगल गिट्टी-दगडाला ठीक, पण बारीक लोखंडी कण आणि सिमेंटचं पाणी त्यातून आत जातं. छन्नी आणि मसाल्याच्या कामाला तो नको. सिमेंटसाठी वाऱ्याची भोकं आडवी झाकलेली असतात तसा गॉगल घ्या.

मिस्त्रीचापोरगा
हे मानलं मॅडम. छन्नीले नाय वापरत.

झाडीपट्टी
कोर्टाची_पायरी, एक विचारायचं होतं. माझ्या चुलतभावाचा डोळा मागच्या दिवाळीत बांधकामावर गेला. ठेकेदारानं दवाखान्याचे पैसे दिले अन् आता फोन उचलत नाही. अजून काही करता येते का?

कोर्टाची_पायरी
येतं. अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा करायचा असतो, तुमच्याकडे वेळ आहे. दवाखान्याचे पैसे दिले म्हणजे भरपाई दिली असं होत नाही. दवाखान्यातून सुट्टीचा कागद, केसपेपर, ठेकेदारानं फोनवर पाठवलेले पैसे किंवा मेसेज असतील ते जपून ठेवा, सोबत कामाला असलेल्या दोघांची नावं लिहून ठेवा. जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणात फुकट वकील मिळतो. नाव-गाव इथं टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा.

झाडीपट्टी
मेसेज आहेत. ठेकेदारानं "डोळा बरा झाला का" म्हणून विचारलं होतं, तेही आहे. निरोप करतो.